ग्रेट सर्कल मॅपर: मुंबई–न्यूयॉर्कचं अंतर अचूक, वेळ मात्र आपली आपण काढायची

विमानाने अमुक शहर किती लांब आणि तिथे पोहोचायला किती तास, हे सांगणारी डझनभर संकेतस्थळं आहेत. बहुतेकांवर दोन शहरांची नावं टाकली की एक अंतर आणि एक वेळ समोर येते, आणि दोन्ही आकडे सारख्याच खात्रीने छापलेले असतात. वास्तविक अंतर हा भूमितीचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर एकच असतं. प्रवासाचा वेळ वारा, बंद हवाई हद्दी, धावपट्टीवरची गर्दी आणि मधला थांबा यांवर ठरतो. म्हणूनच जे साधन फक्त अंतर सांगतं आणि तेवढंच नीट सांगतं, ते जास्त विश्वासाचं. जीसीमॅप डॉट कॉमवरचं ‘ग्रेट सर्कल मॅपर’ हे तसं साधन आहे. कार्ल स्वार्ट्झ यांनी ते १९९६ पासून चालवलं आहे, फुकट आहे आणि खातं उघडावं लागत नाही. मराठी घरांत वरचेवर विचारला जाणारा प्रवास म्हणून मुंबई–न्यूयॉर्क याच जोडीवर ते इथे तपासलं आहे.

वापरायला सोपं आहे, पण शहराचं नाव टाकून चालत नाही, विमानतळाचा तीन अक्षरी कोड लागतो. मुंबईचा बीओएम, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा जेएफके, शेजारच्या न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचा ईडब्ल्यूआर. चौकटीत रोमन अक्षरांत बीओएम, मग आडवी रेघ, मग जेएफके असं लिहून नकाशाचं बटण दाबायचं. नकाशाखाली तक्ता येतो: कुठून, कुठे, निघतानाची दिशा, अंतर. अंतर आधी मैलांत दिसतं. पर्यायांत जाऊन किलोमीटर निवडायचं. स्वल्पविराम देऊन दुसरी जोडी लिहिली तर दोन्ही रेषा एकाच नकाशावर येतात. दोन कोडांच्या मध्ये तिसरा घातला की मधल्या थांब्यासकट एकूण बेरीज मिळते. ही शेवटची सोय सगळ्यात कामाची, तिच्याकडे पुढे येऊच.

मुंबई ते जेएफके सुमारे १२,५५० किलोमीटर, म्हणजे ७,८०० मैलांच्या आसपास. न्यूअर्क धरलं तर यात जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटर वाढतात. तेव्हा एडिसन किंवा जर्सी सिटीत मुलाकडे चाललेल्यांनी अंतर बघून विमानतळ ठरवू नये. उतरल्यावर घरापर्यंत जायला काय सोयीचं आहे ते बघावं, आणि तिथे न्यूअर्क जवळ पडतं.

नकाशावरची रेषा पाहून नवखा माणूस चक्रावतो. न्यूयॉर्क मुंबईच्या पश्चिमेला, मग रेषा सरळ उत्तरेकडे का निघाली? तक्त्यातली दिशा साधारण ३३३ अंश, म्हणजे उत्तर-वायव्य. ही रेषा बलुचिस्तानवरून वर चढते, अफगाणिस्तानचा पश्चिम कोपरा आणि तुर्कमेनिस्तान ओलांडते, कझाकस्तानच्या पश्चिम भागातून जवळपास मॉस्कोच्या डोक्यावर येते, हेलसिंकीच्या बाजूने नॉर्वेकडे जाते, आइसलँडच्या अलीकडे ६४-६५ अंश अक्षांशापर्यंत पोहोचते आणि तिथून ग्रीनलंडचं दक्षिण टोक चाटून लॅब्राडोर, क्वीबेकमार्गे खाली न्यूयॉर्कला उतरते. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर सरळ रेघ अरबस्तान, इजिप्त आणि सहारावरून जाते आणि तीच जवळची वाटते. होकायंत्राची एकच दिशा धरून तसं उडालं तर अंतर भरतं सुमारे १४,२०० किलोमीटर. साडेसोळाशे किलोमीटर जास्त, म्हणजे पावणेदोन तासांहून अधिक उड्डाण. ज्याला हे पटत नसेल त्याने घरातल्या पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून बघावा. दोरा आपोआप रशियावर सरकतो.

अंतराच्या अचूकतेत हे साधन का सरस ठरतं? अनेक साधी गणकयंत्रं पृथ्वी अगदी गोल मानतात. ती ध्रुवांकडे किंचित दबलेली आहे: विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडे ६,३५७. ग्रेट सर्कल मॅपर हा चपटेपणा हिशेबात धरतं. मुंबई–न्यूयॉर्कसारख्या अंतरावर त्याने फरक पडतो काही मोजक्या किलोमीटरांचा, त्यामुळे सामान्य प्रवाशाने या कारणासाठी जीव टाकू नये. मोठी चूक दुसरीकडे होते. शहराच्या नावावर चालणारी स्थळं कधी शहराच्या मध्यापासून मोजतात, कधी भलत्याच शहरापासून. सिडनी ऑस्ट्रेलियातही आहे आणि कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातही. कॅलिफोर्नियातलं सॅन होजे एसजेसी, तर कोस्टा रिकाचं सॅन होजे एसजेओ. गोव्यात दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. मुंबईलाही आता दोन विमानतळ आहेत: नवी मुंबईचा कोड एनएमआय. अमेरिकेच्या अंतरात याने काही बिघडत नाही, पण तिकिटावर कुठला कोड आहे हे न बघता टॅक्सी सांताक्रूझकडे वळवली तर विमान नक्की चुकेल.

आता वेळ. ग्रेट सर्कल मॅपरमध्ये अंतराच्या पानावर वेग भरायची सोय आहे. जमिनीच्या सापेक्ष विमानाचा वेग, म्हणजे ग्राउंड स्पीड, तिथे टाकला की वेळेचा रकाना येतो. ताशी ९०० किलोमीटर भरलं तर मुंबई–न्यूयॉर्क १३ तास ५७ मिनिटं. हा आकडा खोटा नाही, पण कोणाच्याही वेळापत्रकात तो सापडणार नाही. थेट विमानाचं जातानाचं वेळापत्रक बघितलं तर आकडा सोळा तासांच्या आसपास दिसतो आणि येतानाचा त्याहून दीड-दोन तासांनी कमी. साधन इथे चुकलेलं नाही. वेग किती धरायचा हे त्याने आपल्यावर सोपवलं आहे, आणि ९०० हा वेग फार ढोबळ आहे.

बोइंग ७७७ साधारण मॅक ०.८४ ने, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ पटीने उडतं. पस्तीस हजार फुटांवरच्या थंडीत हा वेग ताशी ८९० ते ९०० किलोमीटर भरतो, पण तो हवेच्या सापेक्ष. हवाच जर तिकडून इकडे वाहत असेल तर जमिनीवरचा हिशेब बदलतो. मध्य अक्षांशांवर, विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो आणि हिवाळ्यात जोर धरतो. सरासरी ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून आला तर ९०० चे ८६० होतात आणि प्रवास १४ तास ३६ मिनिटांचा. तोच वारा पाठीशी असेल तर ९४० आणि १३ तास २१ मिनिटं. एवढ्याशा वाऱ्याने सव्वा तासाची तफावत पडते. याच कारणाने अटलांटिकवरचे विमानांचे मार्ग रोज नव्याने आखले जातात: पूर्वेकडे जाणाऱ्यांना वारा पाठीशी मिळावा, पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी तो टाळावा.

शिवाय चढताना आणि उतरताना विमान या वेगाने जात नाही. वेळापत्रकातला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. गेटवरून मागे सरकणं, धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत येणं हे सगळं त्यात येतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात असते. गर्दीच्या वेळी गेट सोडल्यापासून चाकं उचलेपर्यंत अर्धा तास सहज जातो. जेएफकेवर संध्याकाळी रांग याहून लांब असू शकते.

म्हणून या जोडीसाठी आमची शिफारस अशी. न्यूयॉर्ककडे जाताना वेग ८२० भरा, परत येताना ९३०, आणि आलेल्या उत्तरात चाळीस मिनिटं मिळवा. जातानाचे १५ तास १८ मिनिटं अधिक चाळीस, म्हणजे सोळा तास. येतानाचे साडेतेरा अधिक चाळीस, म्हणजे सव्वाचौदाच्या जरा आत. हे आकडे वेळापत्रकाशी बऱ्यापैकी जुळतात. दिल्लीहून किंवा बेंगळुरूहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जायचं असेल तर हे वेग जसेच्या तसे उचलू नका. तिथे मार्ग वेगळे, वारा वेगळा.

बाजारात चालणाऱ्या इतर गणकयंत्रांत सर्रास एक ठोकताळा असतो: ताशी ५०० मैल, वर टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास. मुंबई–न्यूयॉर्कला त्याने १६ तास ५ मिनिटं येतात. जातानासाठी उत्तर जवळपास बरोबर निघतं, आणि त्यामुळेच लोक फसतात, कारण तेच १६ तास ५ मिनिटं परतीलाही छापलेले असतात. तिथे दोन तासांची चूक होते. मुलगी न्यायला येणार असेल, पुढची गाडी पकडायची असेल, तर दोन तास थोडे नव्हेत.

या साधनाची मोठी उणीव म्हणजे त्याला राजकारण कळत नाही. त्याची रेषा खुशाल बलुचिस्तान आणि मॉस्कोवरून जाते. प्रत्यक्षात २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि मग ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै अशी बंदी होती. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद आहे, आणि रशियाचं आकाश अमेरिकी व युरोपीय कंपन्यांना बंद, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे मुंबई–न्यूयॉर्क या एकाच जोडीसाठी कंपनीगणिक उडायचा मार्ग वेगळा, आणि वेळही वेगळा.

पण हीच उणीव साधनाच्याच मदतीने बरीचशी भरून काढता येते. मध्ये एखादा कोड घालून वळसा मोजायचा. बीओएम, एमसीटी म्हणजे मस्कत, मग जेएफके असं लिहा: एकूण सुमारे १२,९३० किलोमीटर. नकाशा नीट बघितला तर मस्कतहून निघालेली रेषा काळ्या समुद्राच्या काठाने क्रिमियावरून युक्रेनमध्ये शिरते, म्हणजे हाही मार्ग उपयोगाचा नाही. मग मस्कतनंतर आयएसटी म्हणजे इस्तंबूल घाला. बेरीज होते १३,००० किलोमीटरच्या आसपास. सरळ रेषेपेक्षा साडेचारशे किलोमीटर जास्त, म्हणजे अर्धा तास. विमान मस्कतवरून किंवा इस्तंबूलवरूनच जाईल असं नाही, हे कोड केवळ वळशाची खूण म्हणून. इराण किंवा इराकचं आकाश एखाद्या दिवशी बंद झालं तर वळसा आणखी दक्षिणेला सरकतो, तेव्हा सौदी आणि इजिप्तमधले कोड घालून पुन्हा मोजायचं.

वळशाचा परिणाम अर्ध्या तासावर थांबतो असंही नाही. अंतर वाढलं की इंधन वाढतं, इंधनाचं वजन वाढलं की प्रवासी किंवा सामान कमी करावं लागतं, आणि तेही नको असेल तर मध्ये उतरून इंधन भरावं लागतं. २०२५ च्या बंदीनंतर भारतातून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही उड्डाणांना व्हिएन्नात असा थांबा घ्यावा लागला. असा थांबा म्हटला की दीड-दोन तास गेले. हे कुठलंही गणकयंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटअवेअर किंवा फ्लाइटरडार२४ या स्थळांवर आपल्या विमानाचा क्रमांक टाकून मागच्या आठवड्यातली उड्डाणं बघावीत. फ्लाइटरडार२४ फुकटात सात दिवसांचा इतिहास दाखवतं. फ्लाइटअवेअरवर सरळ अंतर, ठरवलेल्या मार्गाचं अंतर आणि प्रत्यक्ष कापलेलं अंतर वेगवेगळं मिळतं, आणि ते ग्रेट सर्कल मॅपरच्या आकड्याशेजारी ठेवून पाहिलं की त्या आठवड्यातला वळसा किती हे लगेच कळतं. सात दिवसांतलं सर्वात उशिराचं आगमन धरून पुढचं नियोजन करावं, सरासरी धरून नको.

थांब्याच्या तिकिटांची तुलना करायला तर या साधनाला तोड नाही. बीओएम, डीएक्सबी, जेएफके असं लिहिलं की दुबईमार्गे एकूण अंतर येतं सुमारे १२,९५० किलोमीटर. थेट अंतरापेक्षा फक्त चारशे जास्त. लंडनमार्गे बघा: मुंबई–हीथ्रो सुमारे ७,२१०, हीथ्रो–जेएफके सुमारे ५,५५५, मिळून १२,७६५. जेमतेम २१५ किलोमीटर जास्त, म्हणजे हवेतली पंधरा मिनिटं. १४ मे १९६० रोजी एअर इंडियाचं बोइंग ७०७ मुंबईहून न्यूयॉर्कला पहिल्यांदा निघालं ते लंडनमार्गेच. तेव्हाच्या विमानांना थांबणं भाग होतं, पण थांबा वाटेवरचाच होता. एअर इंडियाची विनाथांबा सेवा सुरू व्हायला ऑगस्ट २००७ उजाडला.

अंतर एवढंसंच वाढत असूनही दुबई किंवा लंडनमार्गे एकूण प्रवास वीस ते बावीस तासांवर जातो. दुबईचंच घ्या: मुंबई–दुबई सव्वातीन तास, दुबईत तीन तास, दुबई–न्यूयॉर्क चौदा ते साडेचौदा. जास्तीचे चार-पाच तास जातात ते दोनदा चढण्या-उतरण्यात आणि टर्मिनलमध्ये बसण्यात, वाटेत नव्हे. तेव्हा थांब्याचं तिकीट निवडताना कुठलं शहर वाटेवर पडतं हे बघण्यात अर्थ नाही, थांबा किती तासांचा हेच बघा. दीड तासापेक्षा कमी थांबा घेऊ नका, पहिलं विमान उशिरा सुटलं तर दुसरं हातचं जातं. पाच तासांपेक्षा जास्त असेल तर वयस्क आईवडिलांसाठी थेट विमानाचे जास्तीचे पैसे मोजणं रास्त. अबू धाबीमार्गे जाण्यात एक वेगळी सोय आहे: तिथे २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात चढण्याआधीच होतं, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं थेट बाहेर पडता येतं. जेएफकेच्या इमिग्रेशनच्या रांगेत तास-दीड तास जातो हे लक्षात घेतलं तर ही सोय मोलाची आहे.

अंतर आणि वेळ दोन्ही हाताशी आल्यावर घड्याळाचा घोळ उरतो, आणि ग्रेट सर्कल मॅपर यात काहीही मदत करत नाही. तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची, पोहोचण्याची न्यूयॉर्कची. रात्री १ वाजता सुटून त्याच तारखेला सकाळी ७:३० ला पोहोचणारं विमान साडेसहा तासांत जात नाही. उन्हाळ्यात न्यूयॉर्क भारतापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणून प्रवास सोळा तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतात, मग फरक साडेदहा तासांचा. तेच विमान त्याच वेळेला सुटलं तर हिवाळ्यात साडेसहालाच पोहोचेल. परतीला दुपारी १२ ला निघून चौदा तास उडालं की मुंबईत दुसऱ्या दिवशी साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. हा बदल ज्या आठवड्यात होतो तेव्हाची तिकिटं काढली असतील तर न्यायला येणाऱ्याला वेळ फोनवरून पुन्हा कळवा.

किरकोळ तक्रारी आहेतच. दिसायला स्थळ जुनाट आहे, मोबाइलवर नकाशा बारीक दिसतो आणि पर्यायांची चौकट शोधावी लागते. मराठी किंवा हिंदी नाही. कोड माहीत नसेल तर शोधाच्या पानावर जाऊन तो काढावा लागतो. एक अक्षर चुकलं आणि तो कोड दुसऱ्या कुठल्या विमानतळाचा असला, तर साधन निमूटपणे भलतंच अंतर देतं, म्हणून तक्त्यातलं विमानतळाचं पूर्ण नाव प्रत्येक वेळी वाचा. ज्यांना कोडांची कटकट नको त्यांनी संगणकावर गूगल मॅप्समध्ये उजवी कळ दाबून ‘अंतर मोजा’ निवडावं. तिथेही रेषा वाकडी, म्हणजे बरोबर येते. पण वेग आणि दोन मार्गांची शेजारी-शेजारी तुलना तिथे जमत नाही.

एक सोय मात्र खास दाद देण्याजोगी. ८०००, पुढे किलोमीटरचं रोमन संक्षिप्त रूप, मग @ हे चिन्ह आणि बीओएम असं लिहिलं की मुंबईभोवती आठ हजार किलोमीटरचं वर्तुळ पडतं आणि जवळपास सगळा युरोप त्यात येतो. तेरा हजार टाका, न्यूयॉर्क आत येतं, सॅन फ्रान्सिस्को थोडक्यात बाहेर राहतं. सिंगापूर–न्यूयॉर्कचे १५,३४९ किलोमीटर हे सध्याच्या सर्वात लांब नियमित विनाथांबा उड्डाणाचं अंतर. तेवढं वर्तुळ मुंबईभोवती काढलं की मुंबईहून विनाथांबा कुठवर जाणं आजच्या विमानांना शक्य आहे ते एका नजरेत दिसतं.

पुण्याहून निघणाऱ्यांनी शेवटची बेरीज वहीवर करावी. मुंबईच्या टर्मिनल २ पर्यंत रस्त्याने साडेतीन-चार तास, घाटात कोंडी असेल तर जास्त. विमानतळावर तीन तास आधी, कारण चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधीच बंद होतात. विमानात सोळा ते साडेसोळा, इमिग्रेशन आणि सामान दीड तास, पुढे न्यू जर्सीतल्या घरापर्यंत एक तास. झाले सव्वीस तास. न्यूयॉर्कहून पुढे देशांतर्गत विमान असेल तर अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं, तेव्हा मध्ये निदान तीन तास ठेवून तिकीट काढा.